नलारबोरच्या रस्त्याला निघण्यापूर्वी

ऐरोली,
शुक्रवार, रात्री

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी नौपाड्यात जेवायला आले तेव्हा हे सारे समोरासमोर सांगायचे ठरवूनच आले होते. बाबांच्या डोळ्यांत थेंब घालून झाले, आईने पाने वाढली, वरण-भात झाला, ताकही पिऊन झाले, तरी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर राहणाऱ्या मुलीला पत्र लिहावे लागते आहे, याची मला लाज वाटते. पण समोर बसले की आईचा चेहरा पाहून मी अर्धे सांगेन आणि अर्धे गिळून टाकीन, आणि या वेळी मला तसे करायचे नाही.

अनंत चतुर्दशी झाली की तिसऱ्या दिवशी मी ऑस्ट्रेलियाला जाते आहे. पर्थपासून ॲडिलेडपर्यंत, सुमारे 2,700 किलोमीटर, मोटारसायकलने. तिकीट मार्चमध्येच काढले होते. तेव्हा बाबांच्या मोतीबिंदूची तारीख ठरत होती, म्हणून थांबले. मग आईचा गुडघा दुखावला, म्हणून थांबले. आणि असे थांबत थांबत मी तुमच्यापासून सहा महिने एक गोष्ट लपवली. लपवण्याची ही पहिली वेळ नाही, हेही आजच सांगून टाकते. 2019 मध्ये ऑफिसची सहल म्हणून मी शिमल्याला गेले नव्हते, स्पितीला गेले होते, आणि गाडी मीच चालवत होते. मला क्षमा करा. खोटे बोलल्याचे वाईट वाटते, गेल्याचे वाटत नाही.

आई, हे वाचताना तुला काय आठवेल ते मला कळते. काकाची बातमी आली त्या रात्री मी झोपले आहे असे तुम्ही समजलात, पण मी जागी होते आणि स्वयंपाकघरातले सगळे बोलणे मी ऐकले होते. पुढच्या महिन्यात बाबांनी येझदी विकली आणि आपल्या घरात त्याविषयी पुन्हा कोणी अवाक्षर काढले नाही. मीही काढले नाही. म्हणूनच, ज्या रस्त्याची तुम्हाला धास्ती आहे तो रस्ता आणि मी जाते आहे तो रस्ता यांत काय फरक आहे, हे मला नीट, सविस्तर सांगू द्या.

ऑस्ट्रेलियात आपल्यासारखेच डावीकडून वाहन चालवतात, त्यामुळे हाताला आणि डोळ्याला असलेली सवय मोडावी लागत नाही. माझ्या रस्त्याचा मुख्य भाग म्हणजे आयर हायवे. 1841 मध्ये एडवर्ड जॉन आयर याने हा प्रदेश पायी आणि घोड्यावरून पार केला, त्याचेच नाव या रस्त्याला दिले आहे. 1976 पासून तो सबंध डांबरी आहे. नलारबोर हे नाव लॅटिनमधून आले असून त्याचा अर्थ ‘एकही झाड नाही’ असा आहे. सुमारे दोन लाख चौरस किलोमीटरचे चुनखडीचे सपाट पठार. मोठा घाट नाही, खोल दरी नाही. खरे तर महामार्ग या पठाराच्या दक्षिण कडेने जातो आणि बऱ्याच ठिकाणी दुतर्फा झुडपे आहेत, तेव्हा नावावरून वाळवंटाचे चित्र डोळ्यांसमोर आणू नका. बॅलाडोनिया आणि कायगुना या दोन थांब्यांच्या मध्ये 146.6 किलोमीटर रस्त्याला एकही वळण नाही. बाबा, घोडबंदर रस्त्यावर तर मिनिटभरसुद्धा असा रस्ता मिळत नाही.

धोके आहेत, ते नाहीत असे मी म्हणणार नाही. पहिला धोका कांगारूंचा, कारण ते पहाटे आणि तिन्हीसांजेला रस्त्यावर येतात. म्हणून ऊन चांगले वर आल्यावर निघायचे आणि सूर्यास्ताच्या तासभर आधी गाडी उभी करायची, हा आमचा नियम आहे आणि तो मोडायचा नाही असे तिघींनी एकमेकींना वचन दिले आहे. (माझ्या ऐरोलीच्या गटातल्या दोघी बरोबर आहेत, मी एकटी नाही, हे आधी सांगायला हवे होते.) दुसरा धोका दोन-तीन डबे जोडलेल्या लांबलचक ट्रकांचा, ते समोरून गेले की वाऱ्याचा झोत अंगावर येतो, तेव्हा आधीच वेग कमी करून डाव्या कडेला राहायचे असते. तिसरा कंटाळ्याचा, कारण सरळ रस्त्यावर डोळा लागतो. म्हणून दर तासाला उतरून पाणी प्यायचे. पेट्रोलची मात्र काळजी नको. सर्वांत लांबचा टप्पासुद्धा साधारण 190 किलोमीटरचा आहे, आणि प्रत्येक थांब्याला रोडहाउस असते, म्हणजे पेट्रोलपंप, खाणावळ आणि राहण्याच्या खोल्या एकाच ठिकाणी. आमच्या सगळ्या रात्रींच्या खोल्या राखून ठेवल्या आहेत. पलंग, गरम पाणी आणि जाड पांघरूण मिळते, आई. तंबूत झोपायचे नाही.

आणि काही झालेच, तर तिथे डॉक्टर विमानाने येतात. 1928 पासून ही ‘फ्लाइंग डॉक्टर’ सेवा चालू आहे, आणि या महामार्गाचे काही पट्टे खास त्या विमानांना उतरता यावे म्हणून रुंद करून, रंगाच्या खुणा करून ठेवले आहेत. फोनला बराच वेळ रेंज नसते, म्हणून उपग्रहावरून निरोप पाठवणारे यंत्र मी घेतले आहे. विम्याचे कलमही शब्द न् शब्द वाचले, कारण साध्या प्रवास विम्यात मोठ्या इंजिनाची मोटारसायकल पुष्कळदा धरलेली नसते; माझ्या विम्यात ती आहे. आरटीओमधून आंतरराष्ट्रीय परवाना काढला आहे. पैसे माझ्या बचतीतले आहेत आणि तुमच्या औषधांसाठी बाजूला ठेवलेल्या ठेवीला हात लावलेला नाही.

एवढे सगळे लिहूनही ‘पण का?’ हा आईचा प्रश्न उरतोच. त्याला माझ्याकडे एकच खरे उत्तर आहे. येझदीच्या टाकीवर, बाबांच्या दोन हातांच्या मध्ये बसून मी कसारा घाट चढले आहे. पाऊस लागला की बाबा रेनकोटची बटणे काढून मला आत घेत आणि मला फक्त इंजिनाचा आवाज ऐकू येई. पायाने मारायची किक तीच पुढे वळवली की गिअर होते, हे तुम्ही मला दाखवले होते, आणि शाळेत मी ते सगळ्यांना सांगत असे. नाशिकला आजीकडे पोहोचेपर्यंत माझे पाय बधिर झालेले असत आणि तरी उतरावेसे वाटत नसे. मला वाटते, बाबा, मी अजून उतरलेलेच नाही. गाडी विकल्यानंतर तुम्ही वाटेत कुठे येझदी उभी दिसली की मान वळवून पुढे जात होतात, ते मी पाहिले आहे. तुम्हाला दुखवायला हे लिहीत नाही. ही ओढ मी बाहेरून आणलेली नाही, एवढेच सांगायचे आहे.

आता रोजच्या निरोपाविषयी. पर्थचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे आणि ॲडिलेडचे चार तास. मधला कायगुनापासून युक्लापर्यंतचा पट्टा स्वतःचेच घड्याळ पाळतो, ते आपल्यापेक्षा सव्वातीन तास पुढे असते. त्यामुळे तिथे संध्याकाळी आम्ही गाडी उभी करू तेव्हा ठाण्यात भर दुपार असेल. तुमचा तीनचा चहा होईपर्यंत माझा निरोप आलेला असेल. एखाद्या दिवशी उशीर झाला तर सहापर्यंत वाट पाहा आणि मग पुण्याला दादाला फोन करा. सगळे वेळापत्रक त्याच्याकडे आहे आणि मी कुठे आहे ते त्याला नकाशावर दिसेल. आई, त्या काळात उपास धरू नकोस. धरायचाच असेल तर साखर तपासून धर. कोपिनेश्वराला जाऊन ये, पण रिक्षाने.

खाऊ मात्र देऊ नकोस. मला ठाऊक आहे की तू मेतकूट आणि लसणीची चटणी काढून ठेवशील. तिथे उतरल्यावर प्रत्येक खाद्यपदार्थ लेखी जाहीर करावा लागतो, बी-बियाणे आणि ताजी फळे तर जवळ ठेवूच देत नाहीत, आणि पुढे सेडूनाला फळांसाठी पुन्हा तपासणी होते. तुझ्या हातचे काही कोणी परक्याने उघडून टाकून द्यावे, हे मला सहन होणार नाही. मी परतल्यावर चकल्या कर. तोवर दसरा येईलच.

तुम्ही दोघांनीही काही गोष्टी न विसरता करायच्या आहेत. बाबा, रक्तदाब रोज सकाळी मोजून वहीत लिहायचा, अंदाजाने नाही. तलावपाळीला फिरायला जाताना फोन घरी ठेवून जायचे नाही. आई, माळ्यावरचे काही काढायला स्टुलावर चढायचे नाही, जांभळी नाक्याहून भाजीच्या जड पिशव्या आणायच्या नाहीत आणि फोनवर कोणी ओटीपी मागितला तर तो सांगायचा नाही. गोळ्यांची डबी मी दोन आठवड्यांची भरून ठेवीन. बाबांच्या डोळ्यांची पुढची तपासणी मी आल्यावर आहे, तारीख मी मुद्दाम तशी घेतली आहे.

त्या समुद्रकाठी सप्टेंबरात देवमासे पिलांसह किनाऱ्याच्या अगदी जवळ आलेले असतात. हेड ऑफ बाइट नावाच्या कड्यावरून ते दिसतात म्हणे. तिथे आम्ही अर्धा दिवस थांबणार आहोत. आई, तुला देवमासा दाखवायचा आहे. लहानपणी तू मला ज्यांची चित्रे दाखवायचीस, त्यांतला एक तरी मी तुझ्यासाठी टिपून आणीन.

रविवारी जेवायला येते आहे. पत्राविषयी लगेच बोलावेसे वाटले नाही तर बोलू नका, रागावायचे असेल तर रागवा. पण बाबांनी माझ्या हेल्मेटचा पट्टा एकदा ओढून पाहावा, अशी माझी फार इच्छा आहे. ते मी बरोबर घेऊन येईन. आई, वालाचे बिरडे कर.

तुमची,
चिऊ

ता. क. काकाचे हेल्मेट अजून माळ्यावर आहे का? असेल तर ते टाकू नका. आणि ते काढायलाही चढू नका, मी येऊन काढते.