पॉसम दूर नेऊन सोडणे ही भूतदया नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत एका वाचकाने मेलबर्नमधल्या लेकीच्या घरी छपरात शिरलेला पॉसम (झाडांवर राहणारा तिथला एक प्राणी) पिंजऱ्यात पकडून, मोटारीत घालून, तास-दीड तासावरच्या रानात सोडल्याची हकीकत लिहिली आहे. हकीकत खुसखुशीत आहे, मला हसूही आले. पण ‘मुका जीव मोकळा केला, पुण्य लागले’ या शेवटच्या वाक्याशी मी अडखळले. मेलबर्न ज्या व्हिक्टोरिया राज्यात आहे, तिथे असे करणे कायद्याला धरून नाही. आणि कायदा घडीभर बाजूला ठेवला तरी त्या जिवाचे पुढे बरे झाले असेल, असे मला वाटत नाही.

हे मी ऐकीव लिहीत नाही. मुलाकडे मेलबर्नला दोनदा राहून आले आणि दुसऱ्या खेपेला हाच पाहुणा आमच्याही माथ्यावर होता. रात्री दीडच्या सुमारास कौलांवरून कोणी बूट घालून चालल्यासारखा आवाज, मागोमाग घशात कफ अडकलेल्या म्हाताऱ्यासारखे खाकरणे. मी चोर समजून सुनेला उठवले. ती कूस बदलत म्हणाली, “आई, पॉसम आहे, झोपा.” चार दिवसांनी छतावर पिवळट डाग उमटला, तेव्हा मात्र तीही उठली.

प्राणी साधारण मांजराएवढा. गुलाबी नाक, उभे कान, झुबकेदार शेपटी, आणि मादीच्या पोटाला कांगारूसारखी पिशवी. दिवसा झोप, रात्री सगळा संसार. मुळात त्याचे घर म्हणजे निलगिरीच्या जुन्या झाडातली ढोली. तशी ढोली तयार व्हायला झाडाची शंभरएक वर्षे जावी लागतात. उपनगरे वाढली, म्हातारी झाडे गेली, आणि आमच्या छपराखालची कोरडी, उबदार जागा त्याला ढोलीसारखीच वाटली. यात त्याचे काय चुकले?

मुलाने आणलेला पिंजरा म्हणजे आपल्या उंदराच्या पिंजऱ्याचा थोरला भाऊ. आतल्या पत्र्यावर पाय पडला की दार खाली येते. पहिल्या रात्री मी आपल्या अकलेने आत गूळ-पोळी ठेवली. सकाळी आत शेजाऱ्यांचा बोका, आणि कुंपणापलीकडे त्याची मालकीण! दुसऱ्या रात्री सुनेने अर्ध्या सफरचंदाला पीनट बटर लावले आणि पहाटे पॉसम सापडला. त्याला उजेड सोसत नाही, उघड्यावर तो बिथरतो आणि तारांवर नाक घासून रक्त काढतो. म्हणून मी पिंजऱ्यावर सोलापुरी चादर टाकली. तो लगेच गप्प झाला.

तिथला नियम असा, की छपरात शिरलेला ब्रशटेल जातीचा, म्हणजे आमच्याकडच्यासारखा झुबकेदार शेपटीचा, पॉसम पकडायला मुभा आहे, पण त्याच दिवशी सूर्यास्तानंतर त्याच आवारात, पकडल्या जागेपासून ५० मीटरच्या आत सोडायचा. दुसरी रिंगटेल नावाची लहान जात असते, शेपटीचे टोक पांढरे. तिला सरकारी परवानगीशिवाय हात लावायचा नाही. मला आधी हा नियम वेड्यासारखा वाटला. अंगणातच सोडायचे तर पकडायचे कशाला?

कशाला ते नंतर कळले. पॉसमची हद्द ठरलेली असते. परक्या हद्दीत नेऊन टाकला, तर तिथले पॉसम त्याला टिकू देत नाहीत, ढोली रिकामी नसते, खाणे कुठे ते ठाऊक नसते, आणि कोल्हे टपलेले असतात. असे दूर सोडलेले पुष्कळसे पॉसम थोड्याच दिवसांत मरतात. इकडे आपले छप्पर रिकामे झाले की शेजारचा दुसरा येऊन राहतो. म्हणजे एक जीव गेला आणि डाग होता तिथेच.

खरे काम पिंजऱ्याचे नाहीच, भोकाचे आहे. आमच्याकडे कौलाच्या कडेला वीतभर फट होती. मुलाने पॉसमला राहायला झाडावर उंच लाकडी पेटी बांधली, छपराला टेकलेल्या फांद्या छाटल्या, आणि पॉसम पिंजऱ्यात असतानाच फट जाड जाळीने बुजवली. बुजवण्याआधी आत दुसरे कोणी नाही ना, हे बघणे फार महत्त्वाचे, नाहीतर पिलू आत अडकून उपाशी मरते. फटीत चुरगळलेला कागद कोंबायचा. दोन-तीन रात्री तो जागचा हलला नाही, तर आत कोणी नाही. मी जोडीला कणीकही भुरभुरून ठेवली होती, पावले उमटतात. सून हसली, पण फोटो काढून मैत्रिणींना तिनेच पाठवला. खरे तर हा कागद आणि ही जाळी मनावर घेतली, तर पॉसम रात्री चरायला बाहेर पडल्यावर फट बुजवून काम भागते, पिंजरा लागतच नाही. आम्ही उलट्या क्रमाने शिकलो.

गुलाबाच्या कळ्या खातो म्हणून तर त्याला मुळीच पकडू नये. जाळी घालावी, तीही बारीक. तिथे घरगुती फळझाडांवरच्या जाळीचे भोक ताणल्यावरही ५ मिलिमीटरपेक्षा मोठे चालत नाही. बोट आरपार गेले तर ती जाळी टाकून द्यायची, कारण त्यात वटवाघळे आणि पक्षी अडकतात.

ज्यांची मुले ऑकलंडला आहेत, त्यांनी मात्र यातले काही तिथे लावू नये. न्यूझीलंडमध्ये १८३७ साली केसाळ कातड्याच्या धंद्यासाठी हाच प्राणी ऑस्ट्रेलियातून नेला. आता तो तिथली जंगले आणि पक्ष्यांची अंडी फस्त करतो, आणि २०५० पर्यंत त्याला नाहीसे करायचे असे तिथल्या सरकारने २०१६ साली ठरवले. एकीकडे संरक्षित, दुसरीकडे शत्रू, मध्ये फक्त समुद्र.

पुण्यातही आमच्या जुन्या वाड्यात माळ्यावर उदमांजर यायचे, आणि ‘पोत्यात घालून सिंहगडाकडे सोडून या’ म्हणणारे शेजारी मला आठवतात. उदमांजर वन्यजीव संरक्षण कायद्यात येते. वनविभागाचा १९२६ हा क्रमांक त्यासाठीच आहे.

तेव्हा सुट्टीत मुलांकडे निघालेले आईवडील ती हकीकत वाचून मोटारीची डिकी उघडण्याआधी एवढी दुरुस्ती छापावी, ही विनंती. आमच्या पेटीत पॉसम अजून राहायला आलेला नाही. मुलगा म्हणतो, सध्या मैनांनी बळकावली आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, पुणे