‘थोडे घासून घ्या’ हे उत्तर मला मान्य नाही

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : पॉइंट टू टू रिमफायर रायफलसाठी मागवलेला लाकडी दस्ता आणि दुर्बिणीचा माउंट सदोष निघाल्याबद्दल, तसेच आपल्या प्रतिनिधीने दिलेल्या धोकादायक सल्ल्याबद्दल

संदर्भ : माझी ३ मार्चची ऑर्डर, १४ आणि १९ मार्चचे माझे ईमेल

महोदय,

मामांची एक जुनी पॉइंट टू टू रायफल रीतसर परवान्यासह माझ्या नावावर झाली आहे. एका वेळी एकच काडतूस घेणारी, साधी बोल्टची, म्हणजे हाताने दांडा मागेपुढे करून भरायची. फावल्या वेळात ती पुन्हा नीट करायची, हा माझा गेल्या काही महिन्यांचा छंद. विकायला काढली तर तिचे फारसे काही येणार नाही आणि तिच्यावर घालवलेले तास कोणी मोजले तर मला वेड्यात काढतील. ते असो. मूळ दस्ता मुठीपाशी उभा चिरला होता. वर्षानुवर्षे रायफल दस्त्यावर उभी ठेवल्यामुळे नळीकडचे तेल खाली ओघळून लाकडात मुरले होते आणि लाकूड आतून भुसभुशीत झाले होते. डिंक लावून भागणार नव्हते, म्हणून नवा दस्ता घ्यायचे ठरवले.

आपल्या जाहिरातीत माझ्या मॉडेलचे नाव देऊन लिहिले होते : ‘अक्रोडाचा, आतून पूर्ण कोरलेला, फक्त बसवा आणि तेल लावा.’ या तिन्हींपैकी एकही गोष्ट खरी निघाली नाही.

आधी लाकडाचे सांगतो, कारण तो त्यातल्या त्यात लहान दोष. दस्ता गडद तपकिरी होता. नळीच्या खाचेत, बाहेरून दिसणार नाही अशा जागी, मी बोटभर भागावर पॉलिश पेपर फिरवला. रंग निघून आला आणि खाली फिकट लाकडावर बारीक आखूड तपकिरी रेघांची नक्षी दिसली. ही खूण बीचची. बीच वाईट नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या ली-एनफिल्ड रायफलींनाही बीचचे दस्ते असत. पण मी पैसे अक्रोडाचे दिले होते आणि बीचला रंग फासून त्याला अक्रोड म्हणणे याला मराठीत एकच शब्द आहे, तो मी इथे लिहीत नाही.

आता मुख्य गोष्ट. दस्त्यातली खाच मधोमध नाही, डावीकडे सरकलेली आहे. नळी आणि लाकूड यांच्यामध्ये कागदाची पट्टी सरकवून पाहिली, तर उजवीकडे ती आरामात जाते आणि डावीकडे चार बोटांवरच अडते. खालचा मुख्य स्क्रू तिरपा बसतो आणि पिळला की नळी आणखी डावीकडे दाबली जाते. एवढ्याने फक्त नेमच बिघडला असता, तर मी कुरकुर करून स्वतः कोरकाम केले असते.

पण सेफ्टीचा खटका, म्हणजे चुकून गोळी सुटू नये म्हणून लावायचा अडसर, लाकडाला अडतो. तो पूर्ण मागे फिरून आपल्या खाचेत बसायला हवा. आपल्या दस्त्यात तो सुमारे दोन तृतीयांश जाऊन थांबतो. हाताला मात्र ‘लागला’ असे वाटते. रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करून, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसते त्या जागी, वापरलेल्या काडतुसाची पुंगळी ठेवून मी तपासले. (पुंगळी यासाठी की रिमफायरमध्ये काडतूस उडवणारी पिन काडतुसाच्या कडेवर आपटते, चेंबर मोकळे असेल तर जुन्या रायफलीत ती थेट चेंबरच्या काठावर बसून तिथे खड्डा पाडू शकते.) खटका ‘लावलेल्या’ स्थितीत दहा वेळा चाप ओढला. दोनदा पिन सुटली. जुन्या दस्त्यात तेच केले, एकदाही सुटली नाही. म्हणजे दोष रायफलीत नाही.

हे सर्व फोटोंसह १४ मार्चला आपल्याला कळवले. आपल्या प्रतिनिधीचे उत्तर जसेच्या तसे देतो : ‘लाकूड नैसर्गिक असल्याने थोडा फरक संभवतो. खटक्याची कड कानशीने थोडी घासून घ्या, म्हणजे तो पूर्ण फिरेल.’

हे वाचून मी खुर्चीतून उठलो. सेफ्टीचा भाग घरी बसून घासायचा? लाकूड चुकले म्हणून पोलाद कापायचे? त्या खटक्याची कड किती जायला हवी, घासल्यावर तो आतल्या भागाला तितकाच धरील का, यातले काहीही न विचारता, रायफल न पाहता दिलेला हा सल्ला आहे. एखाद्या नवशिक्याने तो पाळला असता, तर त्याची सेफ्टी कायमची निकामी झाली असती आणि त्याला ते कळलेही नसते. दस्ता बदलता येतो. या मॉडेलचे उत्पादन केव्हाच थांबले आहे. घासलेला खटका मी कुठून आणू?

लाकूडच थोडे कोरून घ्यावे, असे तुम्ही म्हणाल. मीही तो विचार केला. पण खाच सरकल्यामुळे नेमकी त्याच जागी भिंत २ मिलिमीटरच उरली आहे. आणखी कोरले तर ती फुटेल. बंदुकांचे काम करणाऱ्या परवानाधारक कारागिराला दस्ता दाखवला. त्याने तो हातात घेऊन आत पाहिले, परत माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, ‘परत पाठवा.’ तपासणीचे पैसेही घेतले नाहीत.

दुर्बिणीच्या माउंटबद्दल, म्हणजे दुर्बीण रायफलीवर धरून ठेवणाऱ्या पकडीबद्दल, थोडक्यात. माझ्या रायफलीवरची खोबण ३/८ इंचाची, म्हणजे ९.५ मिलिमीटरची आहे. व्हर्नियर कॅलिपरने मोजलेले माप मी ऑर्डरच्या शेऱ्यात लिहिलेही होते. आपण ११ मिलिमीटरचा माउंट पाठवला. तो पिळून बसतो, पण त्याचा जबडा खोबणीच्या फक्त काठाला धरतो. पॉइंट टू टूला धक्का तो किती, अशा समजुतीने ही दोन मापे एकच समजली जातात. नेमबाजीच्या मैदानावर, जुन्या दस्त्यात बांधलेल्या रायफलीवर, वीस काडतुसांत दुर्बीण स्पष्ट दिसेल इतकी पुढे सरकली.

न्यायाने हेही सांगायला हवे की त्याच खोक्यातली कोल्ड ब्लूइंगची, म्हणजे पोलादाला न तापवता निळसर काळा रंग देणाऱ्या द्रावणाची, बाटली उत्तम निघाली. पोलाद नीट तेलमुक्त करून, पातळ थर देत देत लावली आणि बोल्टच्या मुठीवरचा उडालेला रंग पुष्कळसा जुळून आला. तिच्याबद्दल तक्रार नाही.

१९ मार्चच्या माझ्या दुसऱ्या ईमेलला उत्तर आले की ‘उघडलेला आणि वापरलेला माल परत घेतला जात नाही.’ दस्ता खोक्याबाहेर न काढता तो बसतो की नाही हे कसे पाहावे, ते कृपया कळवावे. बोटभर जागेवर पॉलिश पेपर फिरवला आहे, हे मी लपवत नाही. त्याच जागेमुळे लाकूड कोणते ते उघड झाले.

माझी मागणी अशी आहे. दस्ता आणि माउंट या दोन्हींचे पूर्ण पैसे आणि परतीचा वाहतूक खर्च १५ दिवसांत मिळावा. बदली दस्ता मला नको. दुसरे, या मॉडेलचा हा दस्ता ज्यांनी ज्यांनी घेतला असेल त्या सर्वांना आपण लेखी कळवावे की सेफ्टीचा खटका पूर्ण बसतो की नाही हे तपासल्याशिवाय रायफल वापरू नये. एकाच साच्यावर कोरलेले असतील तर माझा एकटाच चुकला असेल, असे मला वाटत नाही. आणि खटका घासण्याचा तो सल्ला लेखी मागे घ्यावा. पैशांपेक्षा मला या दोन गोष्टींची जास्त घाई आहे.

मुदतीत उत्तर न आल्यास मी ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. कारागिराचा लेखी अभिप्राय, मापांचे फोटो आणि आपले दोन्ही ईमेल सोबत जोडले आहेत. दस्ता आणि माउंट मूळ खोक्यात बांधून तयार आहेत. माल न्यायला माणूस कधी येणार तेवढे कळवावे.

आपला,
एक ग्राहक
(नाव व पत्ता ऑर्डरच्या पावतीप्रमाणे)