सीलिंग बंद करण्याआधी हे वाच

ठाणे,
९ जून

प्रिय नंदू,

काल फोनवर तू सहज म्हणालास, "इंटिरिअरवाला म्हणतोय, एकदा सीलिंगमध्ये बसवलं की परत बघायलाच नको." आई समोर बसली होती म्हणून मी तेव्हा विषय बदलला, पण रात्रभर ते वाक्य डोक्यातून जाईना. खारघरच्या घरात तू ताज्या हवेचं यंत्र बसवतोयस याचा मला मनापासून आनंद आहे. बसवच. फक्त "परत बघायलाच नको" हे खरं मानू नकोस, कारण मी ते मानलं आणि त्याचा त्रास आईला झाला. पुढच्या आठवड्यात तुझं पीओपी सुरू होतंय. एकदा ते झालं की सांगून उपयोग नाही, म्हणून आजच लिहायला बसलो.

आम्ही ते का बसवलं हे तुला अर्धंच माहीत आहे. कासारवडवलीला राहायला आलो तेव्हा मेट्रो ४ चे खांब उभे राहत होते. रात्रभर घोडबंदर रोडवरून ट्रक आणि दिवसभर सिमेंटची धूळ. सकाळी गॅलरीच्या कठड्यावरून बोट फिरवलं की रेघ उमटायची. आईला दमा. म्हणून खिडक्या बंद, रात्री एसी, आणि सकाळी सगळ्यांचंच डोकं जड. मला वाटायचं, एसी चालू आहे म्हणजे हवा येतेच आहे. येत नाही रे. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवून फिरवून गार करतो, बाहेरची फुंकरही आत घेत नाही. भाच्याने कार्बन डायऑक्साइड मोजायचा छोटा मीटर आणून दिला. बाहेरच्या हवेत हे प्रमाण दहा लाख भागांत ४२० च्या आसपास असतं, आणि घरात ते हजाराच्या खाली असावं असं साधारण मानतात. आईच्या खोलीत ती आणि सोबतीला माझी धाकटी झोपते. तिथे पहाटे पाच वाजता मीटर २३०० दाखवत होता. त्याच महिन्यात मी यंत्र सांगितलं.

त्याचं काम तसं सरळ आहे. आत दोन पंखे. एक बाहेरची हवा आत घेतो, दुसरा घरातली वापरलेली हवा बाहेर टाकतो. दोन्ही हवा एका ठोकळ्यातून, ज्याला कोअर म्हणतात, पातळ पडद्यांच्या दोन बाजूंनी जातात. मिसळत नाहीत, पण जाता जाता उष्णता देतात-घेतात. हे मूळ थंड देशांचं शहाणपण. १९७३ च्या तेलटंचाईनंतर घरं हवाबंद बांधायला लागले, मग आत कोंडलेल्या हवेचं काय करायचं हा प्रश्न आला. कॅनडातल्या रेजायना शहरात १९७७ साली सस्कॅचवन कन्झर्व्हेशन हाउस बांधलं, त्यात असं यंत्र होतं. तिकडे बाहेर जाणारी ऊबदार हवा आत येणाऱ्या गार हवेला ऊब देते. आपल्याकडे उलटं, एसीची गार हवा जाता जाता बाहेरच्या उकाड्याला निववते. बाहेर ३४ अंश आणि घरात २५ असताना ७० टक्के उष्णता परत मिळवणाऱ्या यंत्रातून हवा २८ च्या आत-बाहेर येते. म्हणजे यंत्र स्वतः गारवा देत नाही, एसीवरचं ओझं कमी करतं.

पण आपल्याकडे खरी लढाई तापमानाची नाही, दमटपणाची आहे. म्हणून इंटिरिअरवाल्याला पहिला प्रश्न हा विचार, की हे एचआरव्ही (हीट रिकव्हरी व्हेंटिलेटर) आहे की ईआरव्ही (एनर्जी रिकव्हरी व्हेंटिलेटर). एचआरव्ही फक्त उष्णतेची देवाणघेवाण करतं. ईआरव्हीचा कोअर खास कागदाचा किंवा पडद्याचा असतो, त्यातून ओलावाही पलीकडे जातो. हिशेब करून बघ. पावसाळ्यात बाहेर ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता, घरात २५ अंश आणि ५५ टक्के. अशी बाहेरची १०० घनमीटर हवा तासाभरात आत घेतली, तर तिच्यासोबत जवळपास १.४ लिटर जादा पाणी घरात येतं. दर तासाला! ईआरव्हीने ओलाव्यातला ६० टक्के भाग बाहेरच्या वाटेला लावला, तर हे अर्ध्या लिटरच्या थोडं वर राहतं, आणि तेवढं एसी काढू शकतो. खारघरच्या डोंगरावरून कोसळणारा पाऊस तुला माहीत आहे. तिथे नुसतं एचआरव्ही लावलंस तर कपाटातल्या चपला पांढऱ्या होतील.

आता माझ्याकडे काय झालं ते सांगतो.

पहिलं वर्ष मी दर महिन्याला झाकण उघडून फिल्टर साफ करायचो. दुसऱ्या वर्षी मुलीची बारावी, मग ऑफिसचं मार्चअखेर, मग लग्नसराई. यंत्र घुमत होतं, त्यामुळे सगळं ठीक आहे असं मी धरून चाललो. मे महिन्यात आईचा खोकला सुरू झाला. रात्री एक-दीडला ती उठून बसायची, पाठीला उशी लावून. डॉक्टरांनी पंप वाढवला. एक दिवस ती म्हणाली, "अरे, घराला मोरीचा वास येतोय." मी फिनेल टाकलं, जाळी घासली. वास तसाच.

त्याच वर्षी जूनच्या पहिल्या रविवारी शिडी लावून यंत्र उघडलं. बाहेरून हवा घेणारा फिल्टर मी पांढरा बसवला होता. आता त्यावर काळपट राखाडी नमद्यासारखा थर होता, नखाने उचलला तर पापडीसारखा सुटून आला. कोपऱ्यात कबुतराचं एक बारीक पीस. हवा जायला जागाच नव्हती. बाहेर टाकणारा फिल्टर मात्र तुलनेने स्वच्छ होता. म्हणजे यंत्र घरातली हवा जोरात बाहेर फेकत होतं आणि आत जवळजवळ काहीच घेत नव्हतं. मग घर हवा खेचणार कुठून? खिडक्यांच्या फटींतून, दाराखालून, बाथरूमच्या शाफ्टमधून आणि मोरीच्या जाळीखालच्या सुकलेल्या नहाणीट्रॅपमधून. आईला ज्या धुळीपासून वाचवायला हे आणलं, तीच न गाळता तिच्या उशाशी येत होती. नंदू, तो फिल्टर हातात धरून मी बराच वेळ शिडीवरच उभा होतो.

पुढची चूक घाईची. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला आणि घरी एसीची सर्व्हिस करणारा मुलगा बोलावला. त्याने एसीच्या कॉइलवर मारतात तो जेट पंप सरळ कोअरवर मारला. काम मनापासूनच केलं त्याने, पण कोअर कागदाचा. संध्याकाळी बघतो तर पावसात भिजलेल्या वहीसारखा फुगून बसलेला, कडा उसवलेल्या. नवा कोअर यायला पाच आठवडे लागले. सांगायला मीच हवा होतो, की याला पाणी लावायचं नाही. कागदी कोअर फक्त मऊ ब्रशच्या व्हॅक्यूमने. ॲल्युमिनियमचा किंवा प्लॅस्टिकचा धुता येतो, काही पडद्यांचेही धुता येतात, पण पुस्तिकेत तसं छापलेलं असेल तरच. तुझ्या यंत्राची पुस्तिका आजच मागून घे आणि कोअरच्या पानाचा फोटो झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटव, म्हणजे शिडीवर जो असेल त्याला दिसेल.

तुझं सीलिंग अजून उघडं आहे, हे मोठं भाग्य समज. कॉमन बाथरूमच्या माळ्यावर यंत्र टांगतायत ना? मग खाली ट्रॅप डोअर एवढं मोठं ठेव की कोअर आणि दोन्ही फिल्टर पूर्ण बाहेर येतील. नुसता हात जाण्याएवढं नको. सुतार सुबकपणासाठी लहान करतील, ऐकू नकोस. जिथे सहज पोचता येत नाही तिथे माणूस साफसफाई करत नाही, हे मी स्वतःवरून सांगतोय. बाहेरची दोन तोंडंही अशीच, खिडकीतून किंवा युटिलिटी बाल्कनीतून हाताला येतील अशी. अकराव्या मजल्यावर दोरीला लटकून जाळी कोण पुसणार? हवा घेणारं तोंड आणि टाकणारं तोंड यांत तीन मीटर तरी अंतर असू दे, नाहीतर टाकलेलीच हवा परत आत येते. घेणारं तोंड एसीच्या आउटडोअरजवळ, शेजारच्यांच्या चिमणीजवळ किंवा गीझरच्या नळीजवळ अजिबात नको. दोन्ही तोंडं खाली वळलेली आणि पाइपला बाहेरच्या दिशेने उतार, म्हणजे नैर्ऋत्येचा झोडपणारा पाऊस आत शिरणार नाही. कबुतरांसाठी स्टीलची जाळी लाव. त्यांच्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीने फुप्फुसांचा आजार होतो, आणि आपण ती धूळ पंख्याने ओढणार आहोत. कधी विष्ठा साफ करायची वेळ आली तर कोरडी खरवडू नकोस. आधी पाणी मारून भिजव, तोंडाला चांगला मास्क.

पाइपांना नायट्रिल रबराचं इन्सुलेशन सांध्यांसकट पूर्ण हवं. गार हवेचा पाइप दमट माळ्यावरून जातो तेव्हा त्याला घाम फुटतो, आणि महिन्याभरात पीओपीवर पिवळे डाग उमटतात. ड्रेनची नळी उतारात असावी, मध्ये यू-ट्रॅप, म्हणजे पाणी साठून वास अडवणारं वळण. उन्हाळ्यात तो सुकतो आणि गटाराचा वास वर येतो. मी मेअखेरीस एक तांब्या पाणी ओतून बघतो, खाली धार पडली की समाधान. पीओपी घासण्याचं काम चालू असताना यंत्र बंद आणि सगळ्या जाळ्या प्लॅस्टिकने टेप लावून बंद. मजुरांना धूळ जावी म्हणून चालू करायचा मोह होईल. एका दिवसात कोअर पांढरा होऊन जाईल. आणि बेडरूमच्या दारांखाली बोटभर फट ठेवायला सांग, कारण दार लागल्यावरही हवेला बाहेरच्या वाटेने जाता आलं पाहिजे.

दोन गोष्टींवर मी हट्ट धरीन. स्वयंपाकाची चिमणी या यंत्राला जोडायची नाही, कोणी कितीही म्हणो. तेलाची वाफ कोअरमध्ये बसते आणि आगीला निमंत्रण मिळतं. आणि तुमच्या बाथरूममधला गॅस गीझर काढ. यंत्राचा तोल बिघडून घरात ओढ निर्माण झाली, जशी माझ्याकडे झाली, तर गीझरचा धूर बाहेर जायच्याऐवजी आत येऊ शकतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो रे. वहिनींना माझं नाव सांग, पण इलेक्ट्रिक गीझर घे.

उघडताना नुसता रिमोट बंद करून भागत नाही, आतली सर्किट चालूच असते. त्या लाइनचा एमसीबी पाड, घरातल्यांना सांगून ठेव, पंखे पूर्ण थांबू दे, मग झाकण. अर्थिंग आणि आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) इलेक्ट्रिशियनकडून तपासून घे, कारण माळा बाथरूमचा आहे. जाड जाळीचा फिल्टर धुता येतो, पण सावलीत खडखडीत वाळवून मगच लाव. ओला लावलास तर बुरशी. बारीक फिल्टर धुवायचा नसतो, बदलायचा. चौकटीवर बाणाची दिशा बघ आणि मार्करने तारीख लिही. पुस्तिकेत तीन महिने असले तरी डिसेंबर ते मे मी दर तीन आठवड्यांनी उघडतो. मग दोन्ही प्रकारच्या जाळ्यांजवळ उदबत्ती धरतो. एकीकडे धूर ओढला जातो, दुसरीकडे ढकलला जातो. दोन्हीकडे जोर सारखा दिसला की तोल साधारण बरा आहे असं समजतो, आणि वर्षातून एकदा हवेचा प्रवाह मापकाने मोजून घेतो.

चालवायचं कसं म्हणशील तर मंद वेगावर, दिवसरात्र. आमचं ४५ वॉटच्या आसपास घेतं, म्हणजे दिवसाला जेमतेम एक युनिट. दिवाळीच्या फटाक्यांच्या रात्री बंद ठेवतो. तुमच्याकडे तळोज्याच्या बाजूने पहाटे रसायनांचा वास येतो, तेव्हाही बंद कर. साधा फिल्टर धूळ अडवतो, वायू नाही. त्यासाठी ॲक्टिव्हेटेड कार्बनचा वेगळा फिल्टर लागतो. इमारतीत कुठे आग लागली तर ताबडतोब बंद, नाहीतर धूर आपणच आत घेऊ. गॅसचा वास आला तर मात्र याच्याच काय, कुठल्याच बटणाला हात लावायचा नाही. रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, सगळे बाहेर. पावसाळ्यात गावाला जाताना एसीसोबत हेही बंद कर, नाहीतर रिकाम्या घरात नुसता ओलावा भरत राहील.

आईचा खोकला नवा कोअर बसल्यावर आणि औषधांनी हळूहळू कमी झाला. आता पहाटे मीटर ८०० च्या आसपास असतो. ती स्वतः चष्मा लावून वाचते आणि मला सांगते. कॅलेंडरवर फिल्टरच्या तारखेला लाल गोलही तीच करते.

रविवारी सकाळी मी पनवेलच्या गाडीने येतो. मीटर, टेप आणि उदबत्ती घेऊन येतो. तोवर सीलिंगवाल्याला माळ्याखाली बोर्ड लावू देऊ नकोस, आणि यंत्राच्या पाटीवरचा मॉडेल नंबर मला फोटो काढून पाठव. आईने वहिनींना लिंबाचं गोड लोणचं दिलंय.

तुझा,
अव्या