बैठकीच्या खोलीतला बोरघाट

स्टुटगार्ट
2 जानेवारी

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर आपलं बोलणं औषधं, गुडघे आणि चिमीची शाळा एवढ्यातच संपतं, म्हणून आज पत्र लिहायला बसले. इथे 6 जानेवारीपर्यंत शाळांना सुट्टी आहे आणि या सुट्टीत आम्ही बैठकीच्या खोलीत बोरघाट बांधायला घेतलाय. खरा, कर्जत-लोणावळ्याचा. बाबा, तुम्ही त्याच घाटात गाड्यांमागचं इंजिन चालवलंत, तेव्हा त्यासाठी मला तुमच्याकडून बरंच काही हवंय. आई, तुझ्याकडूनही.

इकडे नाताळच्या झाडाखाली छोट्या आगगाडीचे रूळ गोलाकार मांडायची जुनी रीत आहे. शेजारच्या आजोबांनी त्यांच्या मुलांचा जुना संच चिमीला दिला आणि तिथून हे सुरू झालं. संच मार्कलिनचा आहे. ही कंपनी इथून जवळच्या ग्योपिंगन गावातली, 1859 सालची. सुरुवातीला ते भातुकलीची पत्र्याची भांडी करायचे. 1891 मध्ये लाइपझिगच्या जत्रेत त्यांनी चावीची गाडी मांडली, आणि तिच्यासोबत ठरावीक मापाचे रूळ, जे पुढे हवे तेवढे जोडत न्यावेत. या छंदाचा जीव त्या जोडरुळांत आहे असं मला वाटतं. यंदा एक वळण, पुढच्या नाताळात रूळ बदलणारा एक सांधा, त्याच्या पुढच्या वर्षी स्टेशन. घर बदललं तरी रूळ सोबत येतात आणि नातवंडं ते पुढे वाढवतात.

आमच्या गाड्या 1:87 मापाच्या आहेत, म्हणजे खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढ्या. इथल्या खऱ्या रुळांमधलं अंतर 1435 मिमी, ते या मापात साडेसोळा मिमी होतं. आपला ब्रॉडगेज 1676 मिमीचा, तो सव्वाएकोणीस मिमी व्हायला हवा, आणि तसा तयार रूळ मला दुकानात मिळाला नाही. तेव्हा आमचा घाट थोडा अरुंद रुळांवर उभा राहणार, तेवढं चालवून घ्या. कर्जत ते लोणावळा 28 किलोमीटर. मापात बसवायचं तर सव्वातीनशे मीटर लांब खोली लागेल! म्हणून आम्ही ठाकूरवाडी ते मंकी हिल एवढाच तुकडा घेतलाय, तोही आखडून.

चढ मात्र आखडायचा नाही, असं मी ठरवलंय. घाटाचा 1:37 चा चढ हे गुणोत्तर आहे, गाडी केवढीही लहान केली तरी तेच राहतं. एक मीटर पुढे गेलं की 2.7 सेंटीमीटर वर. खालच्या रुळावरची गाडी वरच्या पुलाखालून जायची तर आठ-नऊ सेंटीमीटर उंची हवी, म्हणजे तीन मीटरहून जास्त लांबीचा चढ आला. खोलीच्या दोन भिंती त्यातच संपल्या. सहा डबे लावून इंजिन सोडलं तर वळणावर चाकं जागच्या जागी फिरायला लागली आणि गाडी थांबली. चिमीनं विचारलं, "आजोबा काय करायचे?" मी म्हटलं, आजोबा मागून ढकलायचे.

मग आम्ही बँकर, म्हणजे मागून ढकलणारं इंजिन, लावला. बाबा, हे तुम्हाला आवडेल. पूर्वी या छोट्या रुळांत जेवढी वीज सोडाल तेवढी त्यावरची सगळी इंजिनं एकत्र पळायची. आताच्या बहुतेक इंजिनांत एक इवलीशी चिप असते, तिला स्वतःचा क्रमांक असतो आणि त्या क्रमांकाचा हुकूम आला तरच ते इंजिन हलतं. त्यामुळे पुढचं एकानं चालवायचं आणि मागचं दुसऱ्यानं, अगदी तुमच्यासारखं. पण दोघांचा वेग जुळला पाहिजे. मागच्यानं जास्त रेटलं की वळणावर मधला हलका डबा रुळांवरून उचलला जातो, कमी रेटलं तर तो नुसतं ओझं होतो. हे हातात आल्यावर मला पहिल्यांदा कळलं की पावसाळी रात्री, पुढचं इंजिन डोळ्यांना दिसत नसताना, तुम्ही किती जोखमीचं काम करत होतात. लहानपणी आम्हाला फक्त डबा आणि ड्यूटीची वेळ माहीत होती.

इथे ग्योपिंगनच्या पुढे गाइसलिंगनचा घाट आहे. आठवडाभरापूर्वी चिमीला घेऊन मुद्दाम गेले होते. हा 1850 मध्ये, म्हणजे आपला बोरघाट 1863 मध्ये सुरू झाला त्याच्याही आधी बांधलेला. साडेपाच किलोमीटरचा, चढ 1:44.5. जड मालगाड्यांना तिथे आजही मागून इंजिन लावतात. 2022 च्या डिसेंबरात नवा वेगवान मार्ग सुरू झाला, तेव्हापासून बऱ्याच जलद गाड्या तिकडून जातात, पण आम्ही मुद्दाम जुन्या मार्गाच्या गाडीत बसलो. आपला घाट यापेक्षा अवघड आहे, हे मी डब्यातल्या एका काकांना अभिमानानं सांगून आले.

इथल्या दुकानांत स्वित्झर्लंडच्या गोथार्ड घाटातलं 'मगर' इंजिन फार मानाचं. लांब नाक पुढे, तसंच मागे, मधे खोली, चाकांना जोडणारे दांडे. पाहिल्याबरोबर मला तुमचा खेकडा आठवला, घाटातलं ते विजेचं इंजिन डब्ल्यूसीजी-1. त्यातली पहिली काही इंजिनंही स्वित्झर्लंडमध्येच, विंटरथुरला बनली होती, म्हणजे दोघं भावंडंच. दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात 'सर लेस्ली विल्सन' उभं आहे, त्याच्या शेजारी काढलेला तुमचा फोटो मी इथे फळीवर लावलाय. महागडी मगर घेऊन ती तपकिरी रंगवायची की पुठ्ठा आणि पत्रा कापून खेकडा स्वतः बनवायचा, यावर घरात चर्चा चालू आहे. माझं मत दुसऱ्या बाजूला आहे.

आई, आता तुझं काम. डोंगर कसा करायचा यावर इकडची पुस्तकं जाळी, प्लास्टर, रंग असं बरंच काही सांगतात. वाचताना वाटलं, ही तर आपली दिवाळीतल्या किल्ल्याची रीत. विटा-दगडांवर गोणपाट चिखलात बुडवून टाकायचं, हातानं कडे-कपारी दाबायच्या आणि अळीव पेरून हिरवळ आणायची. तू तो उतार असा करायचीस की पाणी शिंपडलं तरी माती खाली येत नसे. तयार मिळणारे खडक इथल्या पांढुरक्या चुनखडीचे आहेत, ते सह्याद्रीला शोभत नाहीत. आपला कातळ काळा, पायऱ्यापायऱ्यांचा, त्यावरून पावसाळ्यात धबधबे. तो तुझ्याच हातानं व्हायला हवा. आणि हिरवा कुठला वापरू? जूनचा कोवळा की ऑगस्टचा गडद?

बाबा, माझे प्रश्न. कॅच सायडिंगचा, म्हणजे उतारावर सुटलेली गाडी अडवायला चढावर नेलेल्या बाजूच्या रुळाचा, सांधा आम्ही तुम्ही सांगायचात तसा केलाय: उतरणारी गाडी आधी पूर्ण थांबेल, मगच सांधा मुख्य मार्गाला वळेल, तोवर तो चढाच्या बाजूलाच राहील. रुळात एक संपर्क बसवून ते स्वयंचलित जमवलं. पण गाडी किती वेळ उभी राहिली म्हणजे सांधा फिरायचा? सिग्नलची केबिन रुळांच्या कुठल्या अंगाला होती? पुढच्या ड्रायव्हरशी शिट्टीनं काय काय बोलायचात? हे सगळं एका वहीत लिहून काढा ना. आकृत्या काढा, हात थरथरला तरी चालेल. फोटो काढून पाठवायला शेजारचा मुलगा मदत करेल. "आता मला कोण विचारतंय" असं तुम्ही दसऱ्याला म्हणालात, ते मला लागून राहिलंय. मी विचारतेय, आणि माझी मुलगी तर रोज विचारते.

गुडघे बरे असले तर एकदा लोकलनं पुण्याला जाऊन कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पुन्हा पाहून या. 1998 पासून ते सुरू आहे, आणि भाऊसाहेब जोशींनी एका आयुष्यात केवढं उभं केलं ते दोघांनी मिळून पाहण्यासारखं आहे. तिथे सिग्नल आणि सांधे एकमेकांशी कसे बांधलेत ते बाबांनी नीट बघावं. आईनं डोंगर बघावेत.

मे महिन्यात आम्ही तिघं येतोय, तिकिटं काढली आहेत. घाटाच्या फळ्या सुट्या होतील अशा बांधतेय. दोन फळ्या सोबत आणेन. मागच्या खोलीतलं लाकडी टेबल रिकामं करून ठेवा, त्याची लांबी-रुंदी मला या आठवड्यात कळवा. जून उजाडेपर्यंत तुम्ही आणि चिमी मिळून पहिली गाडी वर चढवा. पुढे कोण, मागे कोण, ते तुमचं तुम्ही ठरवा. आजोबांना मागेच बसवायचं असं तिनं आधीच सांगून टाकलंय.

तुमची,
लेक

ता. क. आई, गोणपाट मला इथे मिळालं नाही. गव्हाचं जुनं पोतं असेल तर धुऊन, वाळवून ठेव.