देणगीवर मर्यादा आहे, खर्चावर नाही

महोदय,

अमेरिकेतल्या निवडणुकीचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘तिथे पैसेवाल्याचे राज्य, नियम असे काही नाहीतच.’ मी तीस वर्षे शाळेत नागरिकशास्त्र शिकवले. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये, अध्यक्षीय निवडणुकीच्या तोंडावर, लेकीकडे पेनसिल्व्हेनियातल्या पिट्सबर्गला होते. तिथे जे पाहिले आणि त्यानंतर जे वाचले, त्यावरून सांगते की नियम आहेत, आणि सामान्य माणसासाठी ते चांगलेच काटेकोर आहेत. म्हणूनच बड्या पैसेवाल्यांना मिळणाऱ्या मोकळिकीचा मला जास्त राग येतो.

लेकीकडे ग्रीन कार्ड आहे. तिला अध्यक्षपदासाठी मत देता येत नाही, पण उमेदवाराला देणगी देता येते. तिच्या ऑफिसातला नागपूरचा मुलगा एच-वन-बी व्हिसावर आहे. त्याला मतही नाही आणि एक डॉलर देण्याचीही मुभा नाही. ज्यांना देता येते त्यांच्यासाठी २०२४मध्ये मर्यादा होती एका उमेदवाराला एका निवडणुकीसाठी ३,३०० डॉलर. पक्षांतर्गत प्राथमिक फेरी आणि मुख्य निवडणूक वेगळी धरतात, म्हणजे फार तर ६,६००. एकूण देणगी २०० डॉलरच्या वर गेली की देणाऱ्याचे नाव, पत्ता, व्यवसाय, कुठे नोकरी करतो, हे सगळे फेडरल इलेक्शन कमिशनकडे, म्हणजे तिथल्या केंद्रीय निवडणूक आयोगाकडे, कळवावे लागते. ती यादी जगात कुणालाही पाहता येते. मी साताऱ्यात बसून पाहिली आहे. कंपन्यांनी उमेदवाराला थेट पैसे देण्यावर तर १९०७पासून बंदी आहे.

मग एवढा पैसा येतो कुठून? उत्तर लेकीच्या घरच्या टीव्हीवर मिळाले. संध्याकाळच्या बातम्यांत प्रचाराच्या जाहिराती एकीमागून एक येत. काहींत उमेदवार स्वतःच्या आवाजात सांगे, ‘मी अमुक, आणि हा संदेश मला मान्य आहे.’ २००२च्या कायद्याने हे वाक्य सक्तीचे केले. पण कितीतरी जाहिरातींत ते नसेच. शेवटी कुठल्या तरी समितीचे नाव आणि ही जाहिरात कोणत्याही उमेदवाराने अधिकृत केलेली नाही, एवढी ओळ. मी विचारले तेव्हा लेक म्हणाली, “आई, ही सुपर पॅकची. यांना कितीही पैसा घेता येतो.”

या ‘कितीही’ची मुळे न्यायालयात आहेत. अध्यक्ष निक्सन यांना भोवलेल्या वॉटरगेट प्रकरणानंतर १९७४मध्ये तिथल्या संसदेने देणगी आणि खर्च या दोन्हींवर मर्यादा घातल्या. १९७६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देणगीवरची मर्यादा राखली, पण खर्चावरची रद्द केली; प्रचारावर पैसा खर्च करणे हा भाषणस्वातंत्र्याचाच भाग, असे न्यायालयाचे म्हणणे. जानेवारी २०१०मध्ये ‘सिटिझन्स युनायटेड’ खटल्यात पाच विरुद्ध चार अशा बहुमताने कंपन्यांना आणि कामगार संघटनांनाही स्वतंत्रपणे हवा तेवढा खर्च करण्याची मोकळीक मिळाली. दोनच महिन्यांत अपील न्यायालयाने ठरवले की असा स्वतंत्र खर्च करणाऱ्या गटाला देणगी देण्यावरही मर्यादा नको. हेच गट म्हणजे सुपर पॅक. अट एकच : उमेदवाराशी संगनमत नको. तीही २०२४च्या मार्चमध्ये सैल झाली. घरोघरी जाऊन करायच्या प्रचारात उमेदवाराशी समन्वय चालेल, असे कमिशननेच सांगितले. त्या वर्षी एकट्या इलॉन मस्क यांनी पंचवीस कोटी डॉलरहून अधिक रक्कम निवडणुकीत ओतली. ६,६०० डॉलरची मर्यादा पुरेपूर वापरणारे सुमारे अडतीस हजार लोक एकत्र आले तर तेवढी रक्कम जमेल. आणि काही ना-नफा संस्था मधे असल्या की मूळ देणगीदाराचे नावसुद्धा कळत नाही.

या सगळ्यावर लक्ष ठेवायचे ते कमिशन सहा जणांचे. एका पक्षाचे तिघांहून जास्त नाहीत आणि निर्णयाला चार मते लागतात, म्हणजे दोन्ही बाजू अडून बसल्या की काहीच होत नाही. २०२०च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या दिवशी तर त्याची गणपूर्तीच नव्हती.

कॅलिफोर्नियातल्या पुतण्याला फोनवर या जाहिरातींबद्दल सांगितले, तर तो म्हणाला, “काकू, आमच्याकडे फारसे काहीच नाही.” कारण उघड आहे. अध्यक्ष थेट देशभरातल्या मतांनी निवडला जात नाही; राज्याराज्यांत वाटलेल्या ५३८ प्रतिनिधी मतांपैकी २७० लागतात, आणि मेन व नेब्रास्का सोडले तर राज्यात पहिला येणारा तिथली सगळी मते घेतो. कॅलिफोर्नियाची ५४ मते कुणाला जाणार हे आधीच ठाऊक असते. पेनसिल्व्हेनियाची १९ कुणाला, हे कुणालाच ठाऊक नव्हते. पैसा तिकडे धावतो. २०१६मध्ये हिलरी क्लिंटन यांना देशभरात २८ लाखांहून जास्त मते अधिक मिळूनही त्या हरल्या, हे आपण सगळ्यांनी वाचले. पण जी मोजकी राज्ये निकाल ठरवतात तिथे कुणी किती पैसा ओतला, हे आपल्या बातम्यांत क्वचितच येते.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. लेकीच्या आयकराच्या फॉर्मवर दर वर्षी एक चौकोन असतो : आपल्या करातले तीन डॉलर अध्यक्षीय निवडणुकीच्या सरकारी निधीला द्यायचे का? हा निधी घेणाऱ्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा पाळावी लागते. २००८मध्ये रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन यांनी तो घेतला, डेमोक्रॅटिक उमेदवार बराक ओबामा यांनी नाकारला. २०१२पासून दोन्ही मोठ्या पक्षांच्या एकाही अध्यक्षीय उमेदवाराने मुख्य निवडणुकीसाठी त्याला हात लावलेला नाही. चौकोन अजून छापला जातो. लेक दर वर्षी त्यावर खूण करते.

२०२८च्या निवडणुकीच्या बातम्या देताना, कुणी कुणावर मात केली याच्या जोडीने, कमिशनच्या त्या खुल्या यादीवर आधारलेला एक स्तंभ आपण दर आठवड्याला छापावा, ही विनंती.

— एक निवृत्त शिक्षिका, सातारा