त्या पेल्याबद्दल

तूलूझ, रविवार रात्र

प्रिय बाळ्या,

दीड वर्ष पत्र नाही, फोन नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढं वाच. तब्येत बरी, गुडघा कुरकुरतो.

तोच गुडघा घेऊन काल मोंसेग्यूर चढलो. वरचा किल्ला आपल्या पन्हाळ्याच्या पासंगालाही पुरणार नाही. पायथ्याशी एक दगड उभा आहे. 16 मार्च 1244 ला तिथं दोनशेहून जास्त कॅथार, म्हणजे चर्चनं पाखंडी ठरवलेले ख्रिस्ती, जिवंत जाळले. धर्म सोडला तर जीव वाचणार होता. उलट वीसेक जणांनी त्याच आठवड्यात नव्यानं दीक्षा घेतली.

दीक्षा म्हणजे डोक्यावर योहानाचं शुभवर्तमान आणि दीक्षितांचे हात. मग मांस, अंडी, दूध, चीज बंद; शपथ नाही, हत्या नाही, संसार नाही. मासे मात्र चालायचे! मी मालवणचा, तिथल्या तिथं दीक्षा घेतली असती. हे जग सैतानाचं, आत्मा चांगल्या देवाचा, देह ही कोठडी. तू पडलास जैन, लगेच म्हणशील, ‘आमच्यात जग घडवणारा मुळात नाहीच, मग दोन कुठले?’ माहीत आहे रे. मेसमध्ये माझ्या सुरमईपुढं नाक दाबून तीन वर्षं हेच ऐकवलंस.

पण त्यांच्यात एंदुरा होता. शेवटच्या काळात, मरणाच्या दारातल्या माणसाला दीक्षा दिली की पुढं अन्न नाही, फार तर पाणी. सिबिल पिएर नावाच्या बाईची जबानी वाचली. बिशप फूर्निएपुढं दिलेली, हाच पुढं पोप झाला. तिची तान्ही मुलगी आजारी. दीक्षा देणारा बजावून गेला, आता दूध पाजू नकोस. तो आणि नवरा बाहेर पडले, तशी हिनं पोरीला छातीशी घेतलं. नवऱ्याचा राग बरेच दिवस गेला नाही.

मी पुस्तक मिटून बसून राहिलो.

बाळ्या, आक्कांनी सल्लेखनेत अन्न सोडल्याचा तो नववा दिवस. तू महाराजांना आणायला गेला होतास. मी त्यांच्या पाण्यात दोन चमचे ग्लुकोज ढवळलं. त्यांनी एक घोट घेतला, जिभेवर थांबवला, माझ्याकडं बघितलं. मग पेला हळूच पलंगाखाली सरकवला. म्हणाल्या, ‘मुंग्या येतील, धुऊन ठेव.’ तुला बोलल्या नाहीत, मला माहीत आहे. त्याच संध्याकाळी मी ‘ही आत्महत्या आहे’ म्हणून तुझ्याशी भांडलो आणि तू मला अंगणातनं हाकललंस. बरोबरच केलंस, पण कारण अपुरं होतं.

सिबिलची पोर ‘आई’ म्हणून रडली असेल. आक्का तर स्वतः ठरवून बसल्या होत्या. दोन्ही एकच नाही, हे कळायला मला इतकी वर्षं लागली. त्या एका घोटानं त्यांचं व्रत मोडलं का रे? महाराजांना विचारशील? माझं नाव सांगितलंस तरी चालेल.

धाकटीचं ठरलं का? दुकान नव्या जागी गेलं म्हणे. काकूंना नमस्कार. पेल्याचं त्यांना सांगायचं का, ते तूच बघ.

तुझा,
माशा