बिल्ला कानातून पडला, अनुदान यादीतून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जनावराच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा बिल्ला नसेल, तर त्याची खरेदी-विक्री व वाहतूक करता येणार नाही, असा नियम राज्यात १ जून २०२४ पासून लागू झाला. त्याच वर्षी जानेवारीत गाईच्या दुधाला प्रतिलिटर ५ रुपये अनुदान जाहीर करताना, उत्पादकाचे बँक खाते आधार क्रमांकाशी आणि जनावराच्या याच बिल्ल्याशी जोडलेले असले पाहिजे, अशी अट शासनाने घातली होती. जनावरांच्या रोगांची साथ आवरण्यासाठी निघालेला बिल्ला अशा रीतीने पैसे मिळण्याचा दाखलाही होऊन बसला. त्यातून काय घडते, हे चार गाई सांभाळणारा एक दूध उत्पादक म्हणून आपल्या पत्रातून मांडू इच्छितो.

बिल्ल्याला माझा विरोध नाही. २०२२ मध्ये लम्पी चर्मरोग पसरला तेव्हा कोणत्या जनावराला लस टोचली आणि कोणते राहिले, हे शेजाऱ्याशेजाऱ्यांत विचारत फिरण्याची वेळ आली होती. त्या साथीत दगावलेल्या गाईमागे ३०,०००, बैलामागे २५,००० आणि वासरामागे १६,००० रुपये शासनाने दिले. ही मदत थोडी नव्हती. लाळ्या-खुरकुत या जनावरांच्या साथीच्या रोगाची लस वेळेवर टोचली गेली की नाही, बाजारातून आणलेले जनावर कुठून आले, हे जनावरांच्या नोंदी ठेवणाऱ्या ‘भारत पशुधन’ या ऑनलाइन प्रणालीवर एका क्रमांकावरून कळत असेल, तर त्यात पशुपालकाचाच फायदा आहे. प्रश्न बिल्ल्याचा नसून, तो हरवला किंवा त्याची नोंद चुकली तर भुर्दंड कोणी सोसायचा, याचा आहे.

माझ्या एका गाईच्या कानाला बिल्ला मारल्यावर पावसाळ्यात जखम चिघळली. माश्या बसू लागल्या, तशी ती दावणीच्या खुंट्याला कान घासू लागली आणि एका सकाळी कानाची कड फाटून बिल्ला गव्हाणीतल्या कडब्यात पडलेला सापडला. जवळच्या दवाखान्यात गेलो, तर बिल्ले शिल्लक नव्हते आणि अनेक गावांचा भार असलेल्या पशुधन पर्यवेक्षकांना यायला सवड नव्हती. (त्यांचा दोष मी मानत नाही; त्यांच्या दुचाकीचे चाक दिवसभर थांबत नाही, हे मी पाहतो.) तीन आठवड्यांनी नवा बिल्ला बसला, पण त्यावरचा क्रमांक अर्थातच वेगळा होता. जुना क्रमांक प्रणालीत तसाच राहिला आणि दूध संकलन केंद्रातून अनुदानासाठी गेलेल्या यादीतही तोच होता. गाय तीच, दूध तेच, खाते तेच. केवळ क्रमांक जुळेना म्हणून त्या काळातले अनुदान जमा झाले नाही. नाकारल्याचे कारणही मला कोणी कळवले नाही; संकलन केंद्राच्या सचिवांकडे चार खेपा घातल्यावर ते समजले. आमच्याकडे बाजारातून घेतलेल्या गाईची नोंद जुन्या मालकाच्या नावावरच राहिलेले आणि शेणाने माखलेला ३ हा ८ वाचला गेलेले उत्पादकही आहेत.

येथे एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. जुलै २०२४ मध्ये ३.५ फॅट (स्निग्धांश) व ८.५ एसएनएफच्या (स्निग्धांश सोडून इतर घन घटक) दुधाला दूध संघांनी लिटरमागे ३० रुपये द्यावेत आणि शासनाने ५ रुपये घालावेत, असे ठरले. ऑक्टोबरपासून संघांचा दर २८ रुपयांवर आला आणि अनुदान ७ रुपये झाले. दोन्ही वेळा बेरीज ३५ रुपयेच होत असल्याने कोणी फारशी तक्रार केली नाही. ज्याची नोंद जुळली नव्हती, त्याच्या हातात मात्र पूर्वी ३० रुपये पडत होते, ते त्यानंतर २८ पडू लागले. म्हणजे अनुदान वाढले, तसा यादीबाहेर राहिलेल्याचा तोटाही वाढला. दराचा जितका भाग संघाकडून काढून अनुदानावर टाकला जाईल, तितका एका चुकीच्या अंकाचा फटका मोठा होत जाईल, हे धोरण ठरवणाऱ्यांना दिसत नसेल असे मला वाटत नाही.

बोगस दुधावर अनुदान उचलले जाऊ नये, ही शासनाची काळजी रास्त आहे. परंतु त्यासाठी पुरावे आधीच हाताशी आहेत. केंद्रावर दुधाचे माप, फॅट आणि एसएनएफ यंत्रात नोंदले जाते, आणि दुधाचे पैसे रोखीने न देता बँक खात्यातच भरावेत, अशी अटही याच योजनेत होती. या दोन नोंदी एकमेकींशी जुळत असताना, तिसरी, म्हणजे बिल्ल्याची नोंद जुळत नाही एवढ्यावरून पैसे अडवण्याऐवजी गोठ्यात येऊन गाई मोजाव्यात. चार गाई मोजायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

राष्ट्रीय पशुधन अभियानात शेळी-मेंढीपालनाच्या मोठ्या प्रकल्पाला ५० टक्के, म्हणजे कमाल ५० लाख रुपयांपर्यंत भांडवली अनुदान मिळू शकते. तो अर्जदार प्रकल्प अहवाल करून घेतो, बँकेत माणूस पाठवतो. आमच्यासारख्याला कागद दुरुस्त करायचा, तर धार काढून झाल्यावर आणि वैरण आणण्याच्या आधी जायचे असते.

म्हणून पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विकास या दोन्ही खात्यांना विनंती आहे की, बिल्ला बदलताना जुना क्रमांक नव्याशी जोडण्याचे काम बिल्ला बसवणाऱ्या कर्मचाऱ्यानेच तेथल्या तेथे करावे आणि मागणी नोंदवल्यापासून ठरावीक दिवसांत बिल्ला न मिळाल्यास त्या काळातले अनुदान अडवू नये. नोंद नाकारली गेल्यास कारण उत्पादकाच्या मोबाइलवर कळवावे, दुरुस्तीला किमान दोन महिने द्यावेत आणि दुरुस्ती झाल्यावर मागचे पैसेही द्यावेत. संकलन केंद्रावर महिन्यातून एक दिवस पर्यवेक्षक बसले, तरी निम्म्या चुका तेथेच निघतील, कारण दूध घालायला तर प्रत्येकाला तेथे यावेच लागते.

माझ्या गाईचा जुना बिल्ला मी धुऊन गोठ्याच्या देवळीत ठेवला आहे. पडताळणीला कोणी आलेच, तर तो आणि गाईचा फाटका कान दोन्ही दाखवता येतील.

आपला,
एक दूध उत्पादक वाचक